नूतनीकरणानंतर ऑफिसमध्ये डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

ऑफिसचं नूतनीकरण झालं की तीन-चार आठवड्यांत ठरलेल्या तक्रारी येऊ लागतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दुपारनंतर काम सुचत नाही. मग कोणीतरी एअर प्युरिफायर मागवतं, तो कोपऱ्यात घरघरत राहतो आणि तक्रारी तशाच राहतात. प्युरिफायर वाईट नसतो, पण त्याचा नंबर या कामात जवळजवळ शेवटी लागतो. बहुतेक ठिकाणी खरा दोष असा निघतो की बाहेरची हवा आत येण्याचा रस्ता काम चालू असताना बंद झाला आणि नंतर कोणी उघडलाच नाही, किंवा नव्या आराखड्यात तो ठेवलेलाच नाही. उरलेल्या ठिकाणी एखादी विशिष्ट वस्तू सापडते: कपाट, पॉलिश, चिकटवलेली फरशी.

खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून खर्चिक तपासण्यांकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळल्या तर मोजमापाचे आकडे हातात येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही.

लक्षणं: काय होतं यापेक्षा कधी आणि कुठे होतं

"डोकं दुखतं" एवढ्यावरून काही ठरत नाही. वेळ आणि जागा कळली की निम्मं निदान तिथेच होतं.

- सोमवारी किंवा सुट्टीनंतरच्या सकाळी वास आणि चुरचुर सगळ्यात जास्त, दुपारपर्यंत कमी: बंद जागेत रात्रभर सामानातून वायू निघून साठला आहे.
- सकाळी सगळं ठीक, अकरा-बारानंतर जांभया आणि जडपणा, मीटिंग रूममध्ये सर्वाधिक: माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडते आहे.
- एसी सुरू झाला की शिंका, पुसलेल्या टेबलावर संध्याकाळपर्यंत पांढरट पूड: सीलिंगच्या वर किंवा डक्टमध्ये (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत) बांधकामाची धूळ आहे.
- एसी सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं कुबट, आंबूस वास: एसीची कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्यांची जाळी) किंवा पाणी जमणारा ट्रे.
- अधूनमधून गटाराचा वास, विशेषतः दोन-तीन दिवसांच्या सुट्टीनंतर: सुकलेला ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपातलं पाणी धरून ठेवणारं वळण).
- ठरावीक दोन-तीन खुर्च्यांवर बसणाऱ्यांनाच त्रास: स्रोत त्यांच्या जवळच आहे, बहुधा हाताच्या अंतरावर.
- दमट हवेच्या दिवसांत वास वाढतो: फर्निचरचे लाकडी बोर्ड, ओली जमीन किंवा बुरशी.

आधी तीन-चार दिवस एका साध्या कागदावर नोंद ठेवा: कोण, कुठे बसतं, किती वाजता, काय झालं, घरी गेल्यावर किती वेळात बरं वाटलं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाहेर पडल्यावर तासा-दोन तासांत त्रास जात असेल तर संशय इमारतीवर. घरीही तसाच राहत असेल तर कारण दुसरं असू शकतं.

यातलं काही असेल तर तपासणी थांबवा

एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर येत असेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि आपत्कालीन सेवेला कळवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर, बॉयलर किंवा गाड्यांचा धूर ताज्या हवेच्या इनटेकमधून (बाहेरची हवा आत ओढणाऱ्या तोंडातून) आत येणं हे त्याचं नेहमीचं कारण. खिडकी उघडून पुन्हा कामाला बसू नका.

मासळीसारखा किंवा तापलेल्या प्लास्टिकचा वास एखाद्या स्विचबोर्डजवळ, लाइट फिटिंगजवळ येत असेल तर तो रंगाचा वास नाही. विजेच्या फिटिंगमधलं काही प्लास्टिक जास्त तापलं की असाच वास सुटतो. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कोणाला दम लागत असेल, छातीत घरघर होत असेल, तर त्या व्यक्तीला आधी डॉक्टरांकडे पाठवा आणि दोष सापडेपर्यंत दुसरीकडे बसवा. दोन भागांचं पॉलियुरेथेन पॉलिश ताजं असताना दम्याच्या रुग्णाला तिथे बसवूच नये, कारण त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं दमा उसळवतात.

इमारत जुनी असेल आणि कामात जुनं सीलिंग, पाइपांवरची गुंडाळी, सिमेंटचे पत्रे किंवा जुन्या विनाइल टाइल फोडल्या असतील, तर त्यात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतुमय खनिज) असू शकतं. झाडू किंवा साधा व्हॅक्यूम फिरवू नका, त्याने तंतू हवेत उडतात. तो भाग बंद करून नमुना तपासून घ्या. हे काम परवानाधारक माणसांचं आहे.

१. ताजं नाक

माणसाचं नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं. त्यामुळे सकाळपासून आत बसलेल्याला विचारून उपयोग नाही. पंधरा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत थांबा, मग आत या आणि पहिल्या दोन-तीन श्वासांत काय जाणवतं ते लिहा. दार, पॅसेज, प्रत्येक केबिन, मीटिंग रूम, स्टोअर, पॅन्ट्री असं फिरा. सर्वात उपयोगी वेळ म्हणजे सुट्टीनंतरची सकाळ, एसी लावण्याआधी.

वास नाही म्हणजे हवा चांगली, असं मात्र धरू नका. फॉर्मल्डिहाइड (बोर्डच्या गोंदातून सुटणारा वायू) वास येण्याआधीच काहींचे डोळे चुरचुरवतो. उलट सिलिकॉन सीलंटचा व्हिनेगरसारखा झणझणीत वास नाकाला झोंबतो, पण काही दिवसांत सुकून संपतो. त्यावर वेळ घालवू नका.

२. खिडकीची परीक्षा

एक दिवस खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा, एक दिवस नेहमीसारख्या बंद. दोन्ही दिवशी तीच तक्रार-नोंद. उघड्या खिडक्यांनी त्रास स्पष्ट कमी झाला तर हवा बदलणं हाच उपाय आणि तोच कमी पडतो आहे, हे एका पैशाच्या खर्चाशिवाय कळतं. बाहेर धूर किंवा धूळ जास्त असेल त्या दिवशी ही परीक्षा घेऊ नका, निकाल उलटा येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्प्लिट एसी आणि सीलिंगमधले कॅसेट एसी बाहेरची हवा आत आणत नाहीत. खोलीतलीच हवा ओढतात, थंड करून परत सोडतात. काही कॅसेट युनिटना ताज्या हवेचा पाइप जोडण्याची सोय असते, पण ती बहुतेक ठिकाणी न जोडलेलीच राहते. म्हणजे खिडक्या काचेने बंद केल्या, नवे एसी लावले आणि वेगळी ताज्या हवेची व्यवस्था केली नाही, तर दाराच्या फटीतून येईल तेवढीच हवा. अशा ऑफिसला दोष शोधायची गरज नाही, व्यवस्थाच करायला हवी.

३. टिश्यू पेपर

एक पदरी टिश्यूची पट्टी घ्या आणि प्रत्येक ग्रिलजवळ धरा. टॉयलेट, पॅन्ट्री आणि प्रिंटर रूमच्या एक्झॉस्टला ती ओढली जाऊन चिकटली पाहिजे. हवा देणाऱ्या ग्रिलला ती बाहेर फडफडली पाहिजे. पंख्याचा आवाज येतो म्हणून हवा ओढली जाते असं नाही. एक्झॉस्टचं तोंड नव्या सीलिंगच्या वर मोकळं सुटलेलं, पाइप बाहेरपर्यंत गेलेलाच नाही, असं वरचेवर सापडतं. मग टॉयलेटची हवा सीलिंगमध्ये जाते आणि तिथून सगळ्या ऑफिसभर.

केबिनचं दार बंद करून तीच पट्टी खालच्या फटीशी धरा. जुन्या मोकळ्या हॉलचे काचेचे कप्पे पाडले, पार्टिशन स्लॅबपर्यंत नेलं, की हवा देणारं ग्रिल आत राहतं आणि हवा परत नेणारं ग्रिल बाहेर. हवेला परतीचा रस्ता उरत नाही, म्हणून ती पुरेशी आतही येत नाही. खूण सोपी आहे: एसी चालू असताना दार आपोआप उघडतं किंवा लावायला जोर लागतो. दाराखाली २० मिलिमीटर फट ठेवली की दोन-तीन माणसांच्या केबिनचं बऱ्याचदा भागतं. मीटिंग रूमला ते पुरत नाही, तिथे पार्टिशनमध्ये हवा जाण्याचं ग्रिल बसवावं लागतं.

४. ट्रॅपमध्ये पाणी

टॉयलेट, पॅन्ट्री आणि जमिनीतल्या प्रत्येक जाळीत साधारण एक लिटर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणीच गटाराची हवा अडवतं. नूतनीकरणात एखादी जाळी कपाटाखाली किंवा फरशीखाली गेलेली असते आणि तिच्यात पाणी कधी पडतच नाही, म्हणून जुना नकाशा घेऊन सगळ्या जाळ्या मोजा. वापरात नसलेल्या ट्रॅपमध्ये पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल घातलं तर पाणी लवकर उडत नाही.

एसीच्या पाण्याचा पाइप थेट सांडपाण्याच्या पाइपला जोडलेला आहे का, तेही बघा. मध्ये ट्रॅप नसेल तर एसीचा पंखा त्या पाइपमधून गटाराची हवा ओढतो. पाणी ओतूनही दोन दिवसांत वास परत आला तर पाइप तडकला आहे किंवा जोड उघडा आहे. तिथून पुढे प्लंबरचं काम.

५. प्लास्टिक, टेप आणि फिल्टर

बांधकाम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून डक्टची तोंडं प्लास्टिकने बंद करतात. ते योग्यच आहे. ते नंतर काढायचं राहतं. प्रत्येक ग्रिल खोलून टॉर्चने आत बघा. ताज्या हवेच्या इनटेकवर पुठ्ठा किंवा प्लास्टिक आहे का, आणि इनटेकमधला डॅम्पर (हवा सोडणारं किंवा अडवणारं फिरतं पातं) कुठे अडकला आहे, ते पाहा. डॅम्परच्या दांड्यावर सहसा खाच असते. ती डक्टच्या दिशेला समांतर असेल तर पातं उघडं, आडवी असेल तर बंद. मोटरवर चालणारा डॅम्पर असेल तर मोटरची वायर नव्या पॅनेलला परत जोडली गेली आहे का, तेही पाहा.

इनटेकच्या जवळ आता काय आहे, हाही प्रश्न विचारा. जागा बदलल्यावर टॉयलेटच्या एक्झॉस्टचं तोंड किंवा धूम्रपानाची जागा नेमकी त्याच्या शेजारी येते. मध्ये निदान ३ मीटर अंतर हवं. जनरेटर आणि पार्किंगपासून त्याहून बरंच जास्त.

फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरा. पुट्टी घासल्याची पूड आणि जिप्समची धूळ फिल्टर दोन-तीन दिवसांतही बुजवते, म्हणून काम चालू असताना वापरलेले फिल्टर धुऊन परत लावू नका, नवे लावा. मोह होईल, पण साध्या कॅसेट किंवा स्प्लिट युनिटमध्ये मर्व १३ दर्जाचा (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप) दाट फिल्टर कोंबू नका. त्याचा पंखा तेवढा दाब देत नाही, हवा कमी होते, कॉइलवर बर्फ धरतो. तसा फिल्टर एअर हँडलिंग युनिटमध्ये (डक्टमधून सगळीकडे हवा पाठवणाऱ्या मोठ्या यंत्रात) लावायचा, तोही पंख्याची क्षमता बघून.

कॉइलवर पांढरा चिकट थर बसला असेल तर तो ब्रशने वरवर झाडून जात नाही. ओलसर कॉइलवर जिप्सम घट्ट बसतं आणि त्याखाली बुरशी धरते. कॉइल धुण्याचं काम एसी मेकॅनिककडून करून घ्या, सोबत ट्रेही.

६. धूळ: वरून खाली, आणि ओली

सीलिंगची एखादी पट्टी उचलून वर हात फिरवा. तिथे प्लायचा भुसा, सिमेंट, जिप्समची पूड असेल आणि सीलिंगच्या वरचा भागच हवा परत नेण्यासाठी वापरला जात असेल, तर ती पूड रोज थोडी थोडी खाली येत राहणार. टेबलं कितीही पुसा.

क्रम असा: सीलिंगच्या वरचा भाग, मग ग्रिल आणि लाइटवरचे कठडे, मग भिंती, कपाटांच्या पाठी, शेवटी जमीन. हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम वापरा, साध्या व्हॅक्यूमची पिशवी सर्वात बारीक धूळ मागून बाहेर फेकते. त्यानंतर ओलं फडकं. कोरडा झाडू नको. सफाईच्या वेळी एसी बंद, खिडक्या उघड्या. काँक्रीट कापलेलं असेल तर त्या धुळीत फुफ्फुसांना घातक सिलिका असते. सफाई करणाऱ्याला एन ९५ मास्क द्या, रुमाल पुरत नाही.

७. कार्बन डायऑक्साइड मीटर: इथून थोडा खर्च

आतापर्यंतची कामं करून तक्रार राहिली असेल तर एक मीटर घ्या, पण त्यात एनडीआयआर सेन्सर (अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजणारा) आहे हे खात्रीने पाहा. स्वस्त यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. इतर वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. ताज्या रंगाच्या खोलीत एकही माणूस नसताना अशी यंत्रं २००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतात आणि सगळा तपास भलतीकडे जातो. यंत्र बाहेर मोकळ्या हवेत नेऊन बघा. ४२०-४५० पीपीएमच्या आसपास दाखवायला हवं.

मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, कोणाच्याही तोंडापासून निदान एक मीटर लांब, खिडकी आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८-२० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा येत असेल तर आकडा ९५० च्या जवळ स्थिरावतो. ५ लिटर येत असेल तर १४०० च्या वर जातो. म्हणजे दुपारी आकडा १४०० असेल तर हवा निम्मी पडते आहे. हा वायू या पातळीला स्वतः विषारी नाही, पण हवा किती बदलते ते त्यावरून कळतं.

संध्याकाळी याच मीटरने एक नेमकी परीक्षा होते. सगळे गेल्यावर हवेची व्यवस्था दिवसासारखीच चालू ठेवा, दारं-खिडक्या नेहमीच्या स्थितीत. आतला आणि बाहेरचा आकडा यातला फरक निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते टिपा. समजा आत १२२०, बाहेर ४२०, फरक ८००. तो ४०० व्हायला म्हणजे आत ८२० दिसायला ४० मिनिटं लागली, तर तासाला साधारण एकदा हवा बदलते. २० मिनिटं लागली तर दोनदा. अडीच तास लागले तर खोली जवळपास बंद डबा आहे. हिशेब लक्षात ठेवायला सोपा: ०.७ ला तासांतल्या वेळेने भागा.

आकडा दिवसभर ९०० च्या आत राहतो, तरी डोळे चुरचुरतात? मग दोष माणसांच्या हवेचा नाही, सामानाचा आहे. पुढची पायरी त्यासाठीच.

८. स्रोत शोधणं

नव्या ऑफिसमधला सर्वात हट्टी स्रोत म्हणजे एमडीएफ, पार्टिकल बोर्ड (दोन्ही लाकडाचे तंतू किंवा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्या) आणि काही प्लाय. त्यांना जोडणारं युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन हळूहळू सुटत जातं आणि फॉर्मल्डिहाइड सोडतं. उष्णता आणि दमटपणा वाढला की सुटणं वाढतं. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा वास काही आठवड्यांत ओसरतो, बोर्डचा महिनोन् महिने चालतो. लाकडावर मेलामाइन पॉलिश मारलं असेल तर तेही फॉर्मल्डिहाइड सोडतं. चकाकी बघून समाधान मानणारे नेमके तिथे फसतात.

लॅमिनेट लावलेल्या पृष्ठभागातून फारसं बाहेर येत नाही. येतं ते उघड्या कडांतून. टेबलाखाली डोकं घाला: खालची बाजू कच्ची ठेवलेली असते, वायर जाण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या कडा कच्च्या, कपाटाची पाठ कच्ची, भिंतीकडची कड कच्ची. ठरावीक खुर्चीवरच त्रास होणाऱ्या माणसाच्या गुडघ्यासमोर नेमकं असं भोक असतं.

ड्रॉवर आणि कपाटं रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी एकेक उघडून हुंगा. फरक लगेच कळतो. एकाच सुताराने केलेल्या दहा कपाटांतलं एखादंच वेगळ्या बोर्डचं निघतं. शंका असलेल्या वस्तूचा छोटा तुकडा, म्हणजे उरलेला बोर्ड, कार्पेटचा कातरा, विनाइलची कापलेली पट्टी, स्वच्छ काचेच्या बरणीत झाकण लावून २४ तास कोमट जागी ठेवा, सोबत एक रिकामी बरणीही. उघडल्यावर लगेच वास घ्या. दुसऱ्या कोणाला न सांगता बरण्या हुंगायला दिल्या तर निकाल जास्त विश्वासाचा.

उपाय बरणीने दाखवलेल्या वस्तूवरच करा. कच्च्या कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावा. जिथे तो लावता येत नाही तिथे पाण्यात मिसळणाऱ्या सीलरचे दोन हात, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. भोकाच्या आतली कड विसरू नका. हे काम शनिवारी करा आणि रविवारभर हवा खेळती ठेवा, नाहीतर सीलरचाच वास सोमवारी तक्रार बनून येतो. एखादं-दुसरंच कपाट दोषी असेल तर बाहेर काढणं हा सगळ्यात चांगला उपाय. सील करत बसू नका.

सुगंधी फवारे, ओझोन सोडणारी यंत्रं यांना हात लावू नका. ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो आणि लिंबू-संत्र्याच्या सुगंधांमधल्या लिमोनीनशी मिळून आणखी फॉर्मल्डिहाइड तयार करतो. कुंड्यांतली झाडं हवा शुद्ध करतात, या समजावरही विसंबू नका. तो समज ज्यावरून पसरला तो नासाचा १९८९ चा प्रयोग लहान बंद कक्षात झाला होता. खऱ्या ऑफिसमध्ये खिडकीइतकं काम करायला जमिनीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील. शोभेला ठेवा, पण त्यांची माती सतत ओली ठेवू नका.

९. जमिनीतली ओल

दमटपणा मोजणारं साधं यंत्र ६० टक्क्यांच्या वर सतत दाखवत असेल तर जमिनीकडे वळा. नवं काँक्रीट पुरेसं सुकण्याआधी त्यावर विनाइल किंवा कार्पेट टाइल चिकटवली की खालची ओल क्षारयुक्त होऊन गोंदावर आणि विनाइलवर काम करते आणि गोडसर, डोक्यात जाणारा वास सुरू होतो. हा वास वरून पुसून जात नाही आणि वर्षभरही टिकतो.

कोपऱ्यातली एक टाइल उचला. खालचा गोंद मऊ, चिकट किंवा पांढरट झाला असेल तर उत्तर मिळालंच. नसेल तर उघड्या काँक्रीटवर ४५ सेंटिमीटर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि निदान १६ तास ठेवा. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर जमीन ओली आहे. मग फरशी काढून सुकवणं आणि ओल अडवणारा थर देणं आलं. ते काम जाणकार फरशीवाल्याकडे द्या. वरून दुसरी फरशी टाकून झाकू नका.

१०. हवा धुऊन काढणं

स्रोत थोडे थोडे सगळीकडे पसरलेले असतील तर उपाय एकच: भरपूर बाहेरची हवा, बराच काळ. किती? हरित इमारतींच्या लीड मानांकनात माणसं बसवण्याआधी प्रत्येक चौरस मीटर जमिनीमागे सुमारे ४,२७० घनमीटर बाहेरची हवा खेळवायला सांगतात, तापमान १५ ते २७ अंश आणि दमटपणा ६० टक्क्यांच्या आत ठेवून. २०० चौरस मीटरच्या ऑफिसमध्ये तासाला २,००० घनमीटर हवा ओढली तर हे पूर्ण व्हायला ४२७ तास लागतात, म्हणजे रात्रंदिवस साधारण १८ दिवस. ऑफिससाठीच्या नेहमीच्या किमान प्रमाणाने हवा दिली तर जवळपास चार महिने. "शनिवार-रविवार खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या की" या वाक्याचा अर्थ या आकड्यांवरून कळतो.

माणसं आधीच बसलेली असतील तर निदान एवढं करा: ताज्या हवेची व्यवस्था कामाच्या दोन तास आधी सुरू, नंतर दोन तास चालू, सुट्टीच्या दिवशीही काही तास. एका बाजूच्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावा आणि समोरच्या टोकाची खिडकी उघडा. पंख्याजवळचीच खिडकी उघडली तर हवा तिथल्या तिथे फिरते आणि लांबचा कोपरा तसाच राहतो. पंख्याच्या खोक्यावरचा हवेचा आकडा निम्मा धरून हिशेब करा. कपाटांची दारं आणि ड्रॉवर या काळात उघडे हवेत. कार्पेट, पडदे, कापडी खुर्च्या आणि फायलींनी शोषलेला वास त्या नंतर परत सोडतात, म्हणून अजून आणल्या नसतील तर शेवटी आणा.

हीटर लावून जागा तापवून वायू "लवकर काढून टाकण्याचा" सल्ला मिळेल. त्याचे निकाल भरवशाचे नाहीत. हवा पुरेशी बाहेर ओढली नाही तर निघालेला वायू कापडात आणि सीलिंगच्या फळ्यांत जाऊन बसतो, वर लाकूड वाकतं ते वेगळंच.

११. आता प्युरिफायर

हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू नाही. धुळीसाठी घेत असाल तर खोलीचं घनफळ गुणिले पाच एवढी तासाची स्वच्छ हवा देणारं यंत्र बघा: ४० चौरस मीटर, २.७ मीटर उंचीची खोली असेल तर सुमारे ५४० घनमीटर, आणि तेही ज्या गतीला आवाज सहन होतो त्या गतीला. जाहिरातीतला आकडा सर्वात मोठ्या गतीचा असतो, आणि त्या गतीला ऑफिसमध्ये कोणी यंत्र चालू ठेवत नाही.

वायूसाठी कोळशाचं वजन विचारा. जाळीवर काळी पूड फवारलेला पातळ थर काही दिवसांत भरून जातो. कामाला येतो तो किलोच्या हिशेबातला दाणेदार सक्रिय कोळसा. फॉर्मल्डिहाइड साध्या कोळशाला नीट चिकटत नाही, त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट लावलेलं माध्यम लागतं. विक्रेता वजन सांगू शकत नसेल तर ते यंत्र वायूसाठी घेऊ नका.

१२. तज्ज्ञ कधी बोलवायचा

वरचं सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत नोंदी बदलल्या नाहीत, तर थांबा. ताज्या हवेचा डक्ट नव्याने टाकणं, हवा संतुलित करणं, भिंतीत किंवा सीलिंगमध्ये तळहातापेक्षा मोठी पसरलेली बुरशी काढणं, ही हौशी कामं नाहीत. हवेसाठी वातानुकूलन अभियंता बोलवा आणि त्याला "हवा खराब आहे" असं न सांगता माणसांची संख्या, मीटरचे आकडे आणि निम्मा होण्याचा वेळ लिहून द्या. प्रत्येक ग्रिलची मोजलेली हवा लेखी मागा.

वायूंसाठी प्रयोगशाळा. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या फॉर्मल्डिहाइड मीटरवर निर्णय घेऊ नका. हात धुण्याचं सॅनिटायझर, अत्तर, पॉलिश पुसण्याचं द्रावण यांतल्या अल्कोहोलनेही त्यांचा आकडा उसळतो. प्रयोगशाळा पंपाने हवा डीएनपीएच नळीतून (फॉर्मल्डिहाइड धरून ठेवणारं रसायन असलेल्या नळीतून) ओढून फॉर्मल्डिहाइड मोजते, इतर वायूंसाठी वेगळी नळी लागते. नमुना सर्वात जास्त तक्रारीच्या खुर्चीवर, एक तक्रार नसलेल्या जागी आणि एक बाहेर घ्या. आदल्या रात्रीपासून खिडक्या बंद आणि व्यवस्था नेहमीसारखी, आणि आदल्या दिवसापासून रसायनांची सफाई नको. जागतिक आरोग्य संघटनेची फॉर्मल्डिहाइडची मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. अहवाल पीपीबीमध्ये (हवेच्या शंभर कोटी भागांत किती भाग) आला तर हाच आकडा ८० च्या आसपास दिसतो. एकक न बघता तुलना केली तर चांगला अहवाल वाईट वाटतो, आणि उलटही.

आकडा मर्यादेच्या वर आला आणि बरणीने बोर्डकडे बोट दाखवलं असेल तर ठेकेदाराकडे बोर्डचा उत्सर्जन दर्जा लेखी मागा. ई१ म्हणजे चाचणी कक्षात ०.१ पीपीएमच्या आत. पण तो दर्जा एका बोर्डचा असतो. लहान खोलीत तीन भिंती कपाटांनी भरल्या आणि हवा कमी ठेवली, तर प्रत्येक बोर्ड ई१ असूनही खोलीतला आकडा वर जातो. बदली करताना दर्जा वरचा घ्या आणि कपाटंही कमी करा.